धोटा, विटाळ आणि व्यवस्थापनाचा वर्ग

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात समाजशास्त्र शिरते ते बहुधा शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातून. 1924 ते 1932 या काळात तेथे प्रयोग झाले. कामगार केवळ मजुरीकडे पाहून राबत नाही. गटाचे अलिखित नियम त्याचा हात आवरतात, असे दिसले. तारा जोडणाऱ्या 14 कामगारांनी दिवसाचे काम किती करायचे हे आपसात ठरवून टाकले होते. हे जरूर शिकवावे. पण गटात कोणाला शिरूच दिले जात नाही, हा प्रश्न त्या धड्यातून आपोआप निघत नाही. तो आपल्या गिरणीतून निघतो.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार कताईकडे होता. विणकाम खात्यात त्याला मज्जाव होता, आणि पगार तेथेच अधिक! कारण सांगत ते असे: धोट्यात नवी कांडी भरली की विणकर तिचे सूत तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढी. एकाच्या ओठांचा धोटा दुसऱ्याच्या ओठांना, म्हणजे विटाळ. यंत्र विलायतेचे, सोवळे मात्र घरचे.

1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणी कामगारांचा प्रचंड संप चालला. हा मज्जाव उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, असा आग्रह बाबासाहेब आंबेडकरांनी धरला. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच घेतली. मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही.

हे उत्तर विद्यार्थ्यांपुढे ठेवावे आणि तासभर त्यावरच बोलू द्यावे. मालक तांत्रिकदृष्ट्या खोटे बोलत नव्हते. भरती मुकादमाच्या हाती, आणि मुकादम आपल्या गावचे, नात्यातले लोक आणी. कचेरीच्या दप्तरात अशा बंदीचा हुकूम शोधून काय सापडणार? जात दप्तरात नव्हती, खात्यांच्या मांडणीत होती. आणि दुभंगलेल्या कामगारांचा लाभ कोणाला, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

अहमदाबादचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकी. कॅलिको मिलमध्ये 1953 साली ए. के. राइस यांनी यंत्रमागांवर लहान लहान गटांची पद्धत सुचवली, आणि कामगारांनी एकमेकांना निवडून गट बनवले. उत्पादन सुधारले, प्रयोग गाजला. पण त्या शहरातही दलित कामगार मुख्यतः कताईत होता. विणकामात सवर्ण हिंदू आणि मुसलमान होते. ही निवड कोणाकोणांतून झाली, हा प्रश्न त्या धड्याखाली विद्यार्थ्यांना सोडवायला द्यावा.