अळूच्या वाफ्यातली गिटार

गिटार या वाद्याबद्दल मध्यमवर्गीय मराठी घराचं मत कधीच फारसं बरं नव्हतं. मुलानं पेटी आणली तर तो आजोबांचा वारसा ठरतो. तबला आणला तर शेजारी कुरकुरतात, पण घरचे सांभाळून घेतात. सतार कोणाला वाजवता आली नाही तरी कोपऱ्यात उभी शोभते. पण मुलानं गिटार आणली की वडील चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "यंदा बारावी ना तुझी?" आणि आई देवापुढे दिवा लावायला आत जाते.

गंमत अशी की याच घरांनी वर्षानुवर्षं गिटार ऐकली, आणि आवडीनं ऐकली. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये दोन मिनिटं उरली की एखाद्या जुन्या सिनेमातल्या गाण्याची चाल गिटारीवर लागायची. सिनेमा थेटरात पडदा वर जाईपर्यंत हीच करमणूक. सूर कसा, तर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. या गिटारीला सगळे 'हवाईयन गिटार' म्हणत. हवाई म्हणजे हवेतली की विमानातली, याची चौकशी कोणी केली नाही. आमच्या उमरोळीत हवाई या शब्दाचा संबंध फक्त चपलेशी. एक हवाई पायात, दुसरी कानात. पलीकडे आमचा त्या बेटांशी काही व्यवहार नाही.

वास्तविक आम्ही पालघरकरांनी तरी ही चौकशी करायला हवी होती. नारळ, मासळी, समुद्र, पावसाचा मारा आणि दारात अळू, एवढं हवाईचं वर्णन वाचलं की केळवे-माहीमची जाहिरात वाचतोय असं वाटतं. फरक इतकाच की हवाईत ज्वालामुखी आहे आणि आमच्याकडे तारापूरचं अणुवीज केंद्र.

तर या बेटांवर गिटार आली ती गाईमुळे. १७९३ साली कॅप्टन व्हँकूव्हर या इंग्रज दर्यावर्दीनं तिथल्या कामेहामेहा राजाला गुरं भेट दिली. राजानं त्यांना मारायला बंदी केली. पुढे काय झालं असेल हे ज्यानं आपल्या बाजारपेठेत रस्त्याच्या मधोमध बसलेल्या गाईला वळसा घालून स्कूटर काढली आहे, त्याला सांगायला नको. चाळीस वर्षांत गुरं इतकी माजली की ती आवरायला १८३०च्या सुमारास कॅलिफोर्नियाकडून मेक्सिकन गुराखी बोलवावे लागले. दिवसभर घोड्यावर बसून गाई पकडायच्या आणि रात्री शेकोटीपाशी गिटार वाजवायची, असा त्यांचा नेम. काही वर्षांनी ते परत गेले. गिटारी मात्र मागे राहिल्या. वाद्य राहिलं आणि शिकवणारा गेला.

अशा वेळी आपण क्लास शोधला असता. हवाईच्या लोकांनी सरळ तारा सैल केल्या. नेहमीच्या गिटारीच्या सहा तारा अशा लावलेल्या असतात की नुसता हात फिरवला तर कानाला काही बरं वाटत नाही; डाव्या हाताची बोटं पडद्यांवर दाबून, वेडीवाकडी करून स्वर जमवावे लागतात. यांनी जाडी पहिली तार, तिच्या शेजारची आणि शेवटची बारीक तार जरा जरा उतरवली. आता हात नुसता फिरवला की आपल्या भाषेत प सा प सा ग प असे सूर निघतात. तंबोऱ्याजवळ बसलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. अंगठ्यानं खालच्या तारांवर ठेका धरायचा आणि उरलेल्या बोटांनी वर गाणं म्हणायचं. एकट्या माणसाला दुसऱ्या साथीदाराची गरज नाही. या वाजवण्याला तिथे 'की होआलू' म्हणतात, म्हणजे 'खुंटी सैल कर'. इंग्रजीत तेच 'स्लॅक की'. आणि तारा लावायची जी सर्वांत प्रसिद्ध रीत आहे, जी मी आता सांगितली, तिचं नाव 'टॅरो पॅच', म्हणजे चक्क अळूचा वाफा! ज्या संगीताची सुरुवात अळूच्या वाफ्यात होते ते कोकणपट्टीला परकं कसं म्हणायचं? आपण अळूचं फदफदं केलं, त्यांनी गिटार लावली.

अशा तारा लावायच्या रीती पुढे पुष्कळ झाल्या, आणि एकेका घराण्यानं त्या गुप्त ठेवल्या. बाहेरचा पाहुणा आला की तो बघेल म्हणून तारा उतरवून ठेवायच्या. आपल्याकडे उस्तादांनी बंदिशी लपवल्या आणि सासवांनी गोड्या मसाल्याचं प्रमाण लपवलं, त्यातलाच हा प्रकार. बाजारात तो बराच उशिरा आला. गॅबी पाहिनुई या वादकानं स्लॅक कीची पहिली रेकॉर्ड केली ती १९४६च्या सुमारास. तोवर हे घरातल्या ओट्यावरचं संगीत होतं.

जग फिरून आली ती या सैल तारांची दुसरी लेक, म्हणजे आपली मांडीवरची हवाईयन गिटार. लाये या गावच्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलानं १८८९च्या सुमारास तारांवर बोटाऐवजी लोखंडाचा तुकडा फिरवून पाहिला. रुळांच्या कडेनं चालताना त्याला एक बोल्ट सापडला आणि त्यातून हे सुचलं, असं सांगतात. पश्चिम रेल्वेच्या रुळांच्या कडेनं रोज दोन वेळा चालणाऱ्या मला या कथेविषयी साहजिकच आपुलकी आहे. मात्र इतका मान केकुकूला देण्यापूर्वी एक नोंद करायला हवी. त्याच्याही आधी, १८८४च्या सुमारास, होनोलुलूत गॅब्रिएल डॅव्हियन नावाचा एक तरुण गिटारीवर असंच काही घासून वाजवत असे, अशी आठवण तिथल्या जुन्या लोकांनी नोंदवून ठेवली आहे. हा डॅव्हियन जन्मानं हिंदुस्थानातला! लहानपणी जहाजाच्या कप्तानानं त्याला नेलं, अशी त्याची कथा. आपल्याकडे एकतंत्री वीणेवर आणि विचित्र वीणेवर सूर घासून काढण्याची रीत जुनी, तेव्हा त्यानं ती कानात नेली असेल का? सिद्ध काही करता येत नाही. बँकेच्या भाषेत ही नोंद 'सस्पेन्स खात्या'त ठेवायची.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी अमेरिकेला वेड लावलं आणि मंडळ्या बाहेर पडू लागल्या. त्यातलीच एक फ्रेंच बाईंची कंपनी, 'मादाम रिव्हिएर्स हवाईयन्स'. १९२८ साली तिच्याबरोबर ताऊ मो नावाचा तरुण निघाला. जन्म १९०८चा, सामोआ बेटावरचा. वाढला लायेमध्ये, म्हणजे केकुकूच्याच गावात. बरोबर त्याची गाणारी बायको रोझ, आणि त्याचे काका. १९२९ साली टोकियोत त्यांनी काही रेकॉर्डी केल्या. त्याच वर्षी जपानात त्यांचा मुलगा लानी जन्मला. पुढे कंपनी सुटली, पण हे घर चालत राहिलं. लानी पोरवयातच स्टेजवर नाचू-गाऊ लागला. मुलगी डोरियन जन्मली ती कलकत्त्यात. आशिया, मध्यपूर्व, युरोप. परत हवाईत येऊन राहायला त्यांना पन्नासेक वर्षं लागली.

आमच्या बँकेत बदलीची ऑर्डर आली की काय होतं ते मी पाहिलं आहे. पालघरहून विक्रमगडला बदली झालेला माणूस आधी युनियनकडे जातो, मग डॉक्टरकडे जातो, आणि शेवटी साईबाबांना जातो. मुलांच्या शाळा, गॅसचं कनेक्शन, आईचे गुडघे. हे कुटुंब पन्नास वर्षं बदलीवर होतं आणि ऑर्डर काढणारे तेच, घेणारेही तेच. गिटारी, घागरे, फुलांचे हार, पोरं आणि ट्रंका, एवढाच संसार. गंधर्व नाटक मंडळीचं बिऱ्हाड गावोगाव हलायचं त्याच्या कथा आपण कौतुकानं ऐकल्या, पण निदान प्रयोग संपल्यावर बाहेर मराठी कानावर पडायची. या चौघांचं गाणं समजणारे लोक त्या गावात चौघंच असत.

चाळीसच्या दशकातली बरीच वर्षं ताऊ मो यांचा मुक्काम कलकत्त्यात होता. तिथे त्यांनी शिकवण्या केल्या. गार्नी निस हा अँग्लो-इंडियन वादक त्यांचा शिष्य. मग बंगालनं गिटार मांडीवर घेतली ती खाली ठेवलीच नाही. कारण उघड आहे. पेटीवर मींड घेता येत नाही, पडद्यावर बोट दाबून वाजवायच्या गिटारीवरही ती यथातथाच. पण लोखंडी पट्टी तारेवरून घसरली की सूर गळ्यासारखा वळतो. रवींद्रसंगीत या गिटारीवर वाजू लागलं. कवी काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध यांनी तिचं शिक्षण दिलं. मुंबईत व्हॅन शिपले सिनेमाच्या गाण्यांत आणि गाण्यांच्या रेकॉर्डींवर वाजवू लागले, आणि थेटरात पडदा वर जाईपर्यंत आपण ऐकत होतो ते हेच. १९६७ साली ब्रिजभूषण काब्रा यांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर 'कॉल ऑफ द व्हॅली' केली, तेव्हा ही गिटार रागदारीच्या पंगतीला रीतसर पाटावर बसली. १९९४ साली विश्वमोहन भट यांना रे कूडर यांच्याबरोबर ग्रॅमी मिळालं. डॅव्हियनची कथा खरी मानली तर मुद्दल व्याजासह परत आलं.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. हे कुटुंब बाहेर फिरत होतं तेव्हा त्यांच्या घरी काय चाललं होतं? १८९३ साली हवाईच्या राणीला पदच्युत केलं गेलं. १८९६च्या कायद्यानं शाळांची भाषा इंग्रजी झाली. पोरांनी आईची भाषा बोलली तर शिक्षा. १८९८ साली बेटं अमेरिकेत गेली. मग हॉटेलं आली, प्रवासी आले, आणि प्रवाशांना समजेल अशी इंग्रजीतली हवाईयन गाणी आली. जुनी गाणी म्हणणारे म्हातारे झाले, नातवंडांना शब्द कळेनात. बंदी कागदोपत्री उठली ती १९८६ साली. तोवर गळ्यातलं पुष्कळ गेलं होतं.

आणि ताऊ मो लायेला परतले ते अगदी जुन्या वळणाचं गाणं घेऊन. ते बदललंच नव्हतं. बदलायला ते घरी होतेच कुठे? ऐंशीच्या दशकात बॉब ब्रोझमन या अमेरिकन गिटारवादकाकडे त्यांनी एका रेकॉर्डची मागणी नोंदवली. ब्रोझमनला जुन्या तबकड्या गोळा करायचा नाद. मागणीवरचं नाव वाचून तो चमकला. टोकियोतल्या १९२९च्या त्या तबकड्यांवरचा हाच तो माणूस! मग १९८९ साली एक रेकॉर्ड निघाली. तिच्या नावाचा अर्थ 'आमच्या तरुणपणीची गाणी आठवताना'. गिटारीवर ऐंशीच्या आसपासचे ताऊ, गायला तेवढ्याच वयाच्या रोझ, साथीला जपानात जन्मलेला मुलगा आणि कलकत्त्यात जन्मलेली मुलगी. साठ वर्षांपूर्वीचं हवाई हवाईत सापडलं नसतं. ते या चौघांच्या ट्रंकेत सापडलं. ताऊ मो २००४ साली वारले.

घरी राहणाऱ्याला वाटतं, आपणच परंपरेचे रखवालदार. प्रत्यक्षात घरी राहणारा निर्धास्त असतो. गाणं आहेच की शेजारी, उद्या ऐकू. लांब गेलेल्याला ती सोय नसते. तो न म्हणेल तर त्याच्या गावात ते कोणीच म्हणणार नसतं. तंजावरच्या मराठी कुटुंबांत आपण टाकून दिलेले जुने शब्द अजून वापरात असतात ते याच कारणानं.

बोईसरच्या कारखान्यांमुळे आमच्या उमरोळीतही चाळींच्या खोल्या बाहेरगावच्या कामगारांनी भरल्या आहेत. संध्याकाळी पाळी सुटल्यावर एखाद्या खोलीतून बिहारचं, एखाद्या खोलीतून ओडिशाचं काहीतरी ऐकू येतं, आणि आमची मंडळी "काय कटकट आहे" म्हणून खिडकी लावून घेतात. मी अलीकडे लावत नाही. त्यातलं एखादं गाणं त्याच्या स्वतःच्या गावात आता कोणाला येतही नसेल, आणि पन्नास वर्षांनी ते शोधत कोणी आलं, तर त्याला पत्ता उमरोळीचा द्यावा लागेल.