चिमूटभर दाणा, हंडाभर पाणी

काचेच्या टाकीत झुलणारा गोल्डफिश आपल्या इतका ओळखीचा आहे, की तो कुठून आला हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. या माशाचं मूळ शोधत गेलं, तर एका साध्या करड्या-हिरवट माशापाशी आपण पोहोचतो. तो चीनमधल्या तळ्यांत आणि संथ नद्यांत राहणारा, कार्पच्या कुळातला. आपल्या रोहू-कटल्याचा दूरचा भाऊबंद म्हणा. त्याच्या हजारो पिल्लांत क्वचित एखादं तांबूस-सोनेरी निपजतं. उघड्या तळ्यात असा रंग म्हणजे मरणाला आमंत्रण. बगळ्याची नजर आधी त्याच्यावरच पडणार.

मग हा रंग टिकला कसा? इतिहासकार बोट दाखवतात ते जीवदयेकडे. बौद्ध मंदिरांना लागून तळी असत. पकडलेले जीव पुण्य म्हणून तिथे सोडून द्यायचे आणि त्यांना कुणी मारायचं नाही, असा रिवाज होता. वेगळ्या रंगाचा मासा तर अधिक श्रद्धेने सोडला जाई. दहाव्या शतकापासून ज्याशिंग आणि हांगझोऊ या गावांच्या तळ्यांतल्या सोनेरी माशांची नोंद सापडते. म्हणजे आपला हा शोभेचा मासा मुळात अभयदान मिळालेला मासा आहे. पुढचं सगळं ऐकताना एवढं ध्यानात असू द्यावं.

मी कवितेचा माणूस, त्यामुळे या इतिहासात मला पहिल्यांदा भेटले ते दोन कवी. हांगझोऊच्या सहा-सुसंवाद पॅगोडाजवळच्या तळ्यावर सोनेरी माशांची वाट पाहत आपण दिवसभर रेंगाळलो, असं सू शुनचिन या कवीने अकराव्या शतकात लिहून ठेवलं होतं. पुढे थोर कवी सू शी त्या शहरात अधिकारी म्हणून आला, तेव्हा त्याला त्या ओळीचा अर्थ उमगला. मधे चाळीसेक वर्षं गेली होती. सू शी तळ्यावर गेला, पोळीचे तुकडे टाकले. बऱ्याच वेळाने मासे थोडे वर आले, काही न खाताच परत फिरले आणि दिसेनासे झाले. यावर त्याने एक टिपण लिहिलं. त्याचा भावार्थ असा की, पुढे यायला अनमान करणारे, मागे फिरायला तत्पर आणि मिळेल ते न खाणारे, म्हणूनच हे मासे इतके दीर्घायुषी झाले. राजकारणात पोळलेल्या माणसाने माशांच्या निमित्ताने दरबारी लोकांना काढलेला तो चिमटाही असेल. पण माशांच्या आहारावर नऊशे वर्षांपूर्वी दिलेला तो सल्ला आजही जसाच्या तसा लागू पडतो.

तेराव्या शतकाच्या आरंभी यूए के नावाच्या लेखकाने आणखी एक मजेदार नोंद केली. हांगझोऊचे मासेवाले सोनेरी मासे तयार करतात, पण गुपित विचारलं तर तोंड उघडत नाहीत. कुणी म्हणतं, गटारातल्या बारीक लाल किड्यांवर शंभर दिवस पोसलं की कुठलाही मासा आधी रुपेरी, मग पिवळा, मग सोन्यासारखा होतो. खरंखोटं तपासायला आपल्याला सवड झाली नाही, अशी प्रामाणिक पुस्तीही त्याने जोडली. आज आपल्याला ठाऊक आहे की खाण्याने साधा मासा सोन्याचा होत नाही. मात्र ज्याच्या रक्तातच तो रंग आहे, त्याची लाली आहारातल्या रंगद्रव्यांनी खुलते. ती द्रव्यं माशाला स्वतःच्या शरीरात घडवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात. म्हणजे बाजारातली ती वदंता निदान चार आणे खरी होती.

त्याच लेखकाने वू शी नावाच्या सेनानीची हकीकत दिली आहे. हांगझोऊहून दूर सिच्वानला परतताना त्याने हे मासे सोबत नेले, तेही तिथल्याच सरोवराच्या पाण्यासकट. त्यासाठी तीन मोठी गलबतं लागली! मासा न्यायचा तर त्याचं पाणीही न्यावं लागतं, हे त्या काळच्या माणसांना कळलं होतं. आज आपण मासा प्लास्टिकच्या पिशवीतून आणतो आणि सरळ नळाच्या पाण्यात सोडतो.

पुढे मिंग काळात हा मासा तळ्यातून अंगणातल्या मोठ्या कुंडांत आला आणि त्याचं रूप पालटलं. कुंडात प्रवाह नाही, शत्रू नाही, अन्नासाठी शर्यत नाही. तळ्यात जी पिल्लं चार दिवस जगली नसती, ती इथे जगली. दुहेरी शेपटीची, आखूड गोल अंगाची, बटबटीत डोळ्यांची. माणसाने त्यांतली नेमकी हीच निवडली. १५९६ मध्ये चांग छिएन-द याने या माशांवर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. दर उन्हाळ्यात काही हजार पिल्लं घ्या, अनेक कुंडांत वाटा, रोज नावडती बाजूला काढा आणि शंभरात एक-दोनच ठेवा, असं तो सांगतो. याच सुमारास छापल्या गेलेल्या ली शि-चेन याच्या प्रसिद्ध वैद्यकग्रंथात हे मासे आता घरोघरी पाळले जातात, अशी नोंद आहे. दुहेरी शेपटीमागे एका जनुकातला बिघाड आहे, हे तैवानमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं. आज आपण ज्याला ओरांडा, रँचू, ब्लॅक मूर म्हणतो, ते सारं या शेकडो वर्षांच्या निवडीचं फळ आहे.

या सौंदर्याची किंमत मात्र माशाने मोजली. गोल्डफिशला मुळात जठरच नसतं. अन्न घशातून थेट आतड्यात जातं. म्हणून तो दिवसभर थोडं थोडं टिपत फिरतो आणि आपल्याला सतत भुकेला वाटतो. त्यात गोल जातींचं अंग आखूड. आतडं आणि तरंगण्यासाठी असलेली हवेची पिशवी एकाच छोट्या पेटीत कोंबल्यासारखी. खाणं जास्त झालं, किंवा पृष्ठभागावरचे कोरडे दाणे गिळताना हवा पोटात गेली, की तोल जातो. मासा उलटा तरंगू लागतो नाहीतर तळाशी पडून राहतो.

उपाय साधे आहेत. बुडणारे दाणे घ्यावेत आणि ते थोडे भिजवून घालावेत. दिवसातून एक-दोनदा, मिनिट-दोन मिनिटांत संपतील एवढेच. मधूनमधून उकडून साल काढलेला मटार द्यावा. आणि आठवड्यातून एक दिवस काही घालू नये. एकादशी म्हणा, रोजा म्हणा, त्याने निरोगी मोठ्या माशाचं काहीही बिघडत नाही.

पाण्याचं शास्त्र कळायला मात्र फार वेळ लागला. जपानमध्ये यामातो-कोरियामा या गावी १७२४ साली बदलून आलेल्या सरदाराबरोबर हे मासे आल्याचं सांगतात आणि ते गाव आजही त्यांच्या पैदाशीसाठी ओळखलं जातं. १७४८ मध्ये जपानीत त्यांच्या संगोपनाचं पुस्तकही निघालं. तोवर युरोपातही त्यांचं वेड पसरलं होतं. पण पाणी का बिघडतं, याचा छडा लावू पाहिला लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने. १८४९ मध्ये त्याने एका पात्रात दोन छोटे गोल्डफिश, पाणवनस्पती आणि काही गोगलगायी ठेवल्या आणि पाणी न बदलता हा संसार चालतो का, ते पाहिलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यामागे अशा प्रयोगांची पुण्याई होती. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने अमोनियाचं रूपांतर करणारे जिवाणू वेगळे करून दाखवले, तेव्हा खरी किल्ली हाती आली.

मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. कुजलेल्या दाण्यांतूनही तोच निघतो. तो विषारी असतो. फिल्टरमध्ये वस्तीला असलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी आणली आणि आठवड्यात मासे मेले, या घरोघरच्या कहाणीचं कारण बहुधा हेच असतं. नशीब, दृष्ट, दुकानदार यांना उगाच बोल लागतो. म्हणून दर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलावं, सगळं कधीच नाही. नव्या पाण्यातलं क्लोरिन औषधाचे थेंब घालून काढावं. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासू नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. पहिल्या माशाला पाऊणशे लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला चाळीसेक लिटर जागा हवी. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यामुळे आपल्या एप्रिल-मेमध्ये हवेचा पंप बंद पडू देऊ नये आणि खाणंही जपूनच घालावं.

आता टेबलावरच्या त्या गोल काचेच्या भांड्याचा हिशेब मांडा. पाच लिटर पाणी, फिल्टर नाही, वर मुलांनी हौसेने ओतलेली अर्धी पुडी दाणे. इटलीतल्या मोन्झा शहराने २००४ मध्ये अशा भांड्यात मासे ठेवायला बंदी केली, तेव्हा अनेकांना हसू आलं. पण इंग्लंडमध्ये जत्रेत बक्षीस मिळालेला एक साधा गोल्डफिश ४३ वर्षं जगून १९९९ मध्ये वारला. या प्राण्याच्या वाट्याला किती आयुष्य असू शकतं, आणि आपण त्यातलं किती त्याच्या हाती देतो?

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या पिंजऱ्यांच्या नि टाक्यांच्या दुकानांपासून जामा मशीद हाकेच्या अंतरावर आहे. १८०२ मध्ये पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. वजूच्या त्या पाण्यात मासे निवांत फिरताना मी कितीदा पाहिले आहेत. त्यांना कुणी धरत नाही. हांगझोऊच्या मंदिराचं तळं मी पाहिलेलं नाही, पण त्याची कल्पना मला या हौदावरून करता येते. धर्म वेगळे, देश वेगळे. पाण्यातल्या जिवाला अभय देण्याची रीत एकच.

त्या अभयातूनच हा मासा जन्मला आणि माणसाच्या हौसेने त्याच्या गोल जाती इतक्या नाजूक केल्या की आता कुठल्याही नदीत त्यांचा निभाव लागणं कठीण. त्यांना परतायला घर उरलेलं नाही. आपण देऊ तेवढं पाणी हेच टाकीतल्या माशाचं घर. तो काचेपाशी येऊन तोंड उघडतो तेव्हा आपल्याला वाटतं, भूक लागली आहे, आणि हात दाण्याच्या डबीकडे जातो. तेव्हा आधी पाण्याकडे पाहावं. दाणा चिमूटभर पुरतो. पाणी हंडाभर बदलावं लागतं, आणि ते दर आठवड्याला, न कंटाळता.