घाटातला सांधा आणि न बोलावलेला मेसेंजर

इगतपुरी-कसारा हा थळ घाटाचा रेल्वेमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. ३७ फूट अंतरात १ फूट उतार! ताबा सुटलेली गाडी थोपवण्यासाठी येथे ‘कॅच सायडिंग’ असते. सांधा मुळातच त्या चढत्या, बंद टोकाच्या रुळांकडे लावलेला. गाडी थांबवून दाखवली की मगच मुख्य मार्ग मिळतो. ही मूळ मांडणी प्रवाशांच्या जिवासाठी होती.

संगणकातील मूळ मांडणी कोणासाठी असते?

२००१ साली विंडोज एक्सपीसोबत विंडोज मेसेंजर आला. संगणक सुरू होताच तो हजर. पर्यायांतील खूण काढली, तरी आउटलुक एक्सप्रेस उघडताच पुन्हा डोकावे. काढून टाकावा, तर प्रोग्रॅमच्या यादीत त्याचे नावच नसे. जाणकारांनी शोध लावला : ‘सिसॉक’ नावाच्या फाईलमध्ये त्याच्यापुढे ‘हाइड’ असा शब्द होता. तो खोडला की नाव उमटे. इतका उघड पुरावा इतिहासात क्वचितच सापडतो.

विंडोजला ब्राउझर जोडल्याबद्दल अमेरिकी सरकारने १९९८ मध्येच मायक्रोसॉफ्टवर खटला भरला होता. त्यातील तडजोडीमुळे २००२ च्या ‘सर्व्हिस पॅक १’मध्ये मेसेंजर नजरेआड करण्याची अधिकृत सोय झाली. नजरेआड, हद्दपार नव्हे.

पुढे हाच वाद मोबाइलवर आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड कायम राहिला. आधीच बसवलेली ॲप वापरकर्त्याला काढू द्यावीत, हा आदेश मात्र रद्द झाला.