मार्तिस: साक्षीदाराचा हुतात्मा कसा झाला

१३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाण्याच्या काजीपुढे एका बाईनं फिर्याद आणली. नवऱ्यानं तिला मारलं होतं. काजीनं पुरावा विचारला. ती म्हणाली, आमच्या घरी चार फिरंगी साधू उतरले आहेत, त्यांच्यादेखत हे घडलं.

नवरा-बायको दोघंही नेस्तोरी ख्रिस्ती, म्हणजे इराक-इराणाकडच्या पूर्वेच्या चर्चमधले. ठाण्यात तेव्हा त्यांची पंधरा घरं होती. पाहुणे फ्रान्सिस्कन संघाचे होते: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. होर्मुझहून ते निघाले होते केरळातल्या कोल्लमला, पण जहाजानं त्यांना ठाण्याला आणून सोडलं. देवगिरीचं राज्य बुडून काहीच वर्षं झाली होती आणि ठाण्याचा कारभार दिल्लीच्या वतीनं एक मलिक पाहत होता. ही सगळी हकीकत ओडोरिक नावाच्या इटालियन फ्रान्सिस्कनानं सांगितली आहे. थोड्याच काळानं तो ठाण्याला येऊन गेला. त्याचा वृत्तान्त भक्तीनं भारलेला आहे, त्यात अग्नीतून न जळता बाहेर येण्याचे चमत्कारही आहेत. तरी फिर्यादीचा हा प्रसंग कुणी भक्तीपोटी रचावा असा नाही, म्हणून मला तो खरा वाटतो.

साक्षीदार बोलावले गेले. पीटर सामान राखायला घरीच थांबला, बाकीचे तिघे गेले. काजीजवळ अलेक्झांड्रियाचा एक माणूस बसला होता. त्यानं सुचवलं होतं की हे शिकले-सवरलेले लोक आहेत, त्यांच्याशी धर्मचर्चा करावी. चर्चा सुरू झाली आणि मारहाण बाजूला पडली. येशू देव की माणूस, इथून वाद पैगंबरांपर्यंत गेला. थॉमसनं जे उत्तर दिलं ते त्या दरबारात खपणारं नव्हतं. तिघांना भर उन्हात उभं केलं, जेम्सला आगीत लोटलं. मलिकानं त्यांना रात्री खाडीपलीकडे निघून जायला सांगितलं, पण काजीच्या आग्रहावरून मागाहून मारेकरी पोचले आणि त्यांनी तिघांचा शिरच्छेद केला. परंपरा हा दिवस ९ एप्रिलचा मानते. दोन दिवसांनी पीटरलाही मारलं. त्यांचा सोबती जॉर्डानस तेव्हा गुजरातेकडे होता. त्यानं परतून देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. ओडोरिकनं पुढे त्या अस्थी जहाजानं चीनमधल्या झैतून बंदरापर्यंत नेल्या.

त्या बाईच्या फिर्यादीचं काय झालं, हे वृत्तान्त सांगत नाही. ज्या गोष्टीची साक्ष द्यायला ते गेले होते ती साक्ष राहिलीच. वेगळीच साक्ष दिली गेली आणि त्यासाठी ते मेले. लॅटिन भाषेत त्यांना जे नाव मिळालं ते 'मार्तिर'. या शब्दाचं मूळ ग्रीक 'मार्तिस', आणि त्याचा पहिला अर्थ अगदी साधा, कोर्टातला: साक्षीदार.

ग्रीक नगरांत करार झाला, कर्ज दिलं, मारामारी झाली की मार्तिस लागत. काही व्युत्पत्तिकार हा शब्द ज्या मुळापासून संस्कृतचा 'स्मृ' धातू आला त्याच मुळाशी जोडतात, म्हणजे मार्तिस हा 'आठवण ठेवणारा'. सगळ्यांना हे मान्य नाही, पण मोहात पाडणारी जुळणी आहे. एपिक्टीटससारखा स्तोइक तत्त्ववेत्ता म्हणे की संकटात सापडलेल्या माणसाला देवानं साक्षीला बोलावलेलं असतं. तिथंही मरण हा शब्दाचा भाग नव्हता. माणूस पाहतो, उभा राहतो, सांगतो, एवढंच.

नव्या करारात हा शब्द गुंतागुंतीचा होऊ लागतो. येशू शिष्यांना सांगतो की तुम्ही माझे साक्षी व्हाल. म्हणजे जे पाहिलं ते सांगाल. पण 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातली येशूचा अनुयायी स्तेफन याची कथा पाहा. स्तेफनविरुद्ध खोटे साक्षीदार उभे केले जातात. दगडमार सुरू होते तेव्हा हेच साक्षीदार आपली वस्त्रं शौल नावाच्या तरुणाच्या पायाशी ठेवतात, कारण मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे पहिला दगड साक्षीदारानं टाकायचा असतो. साक्ष खोटी असेल तर खुनाचं पाप त्याच्या हातावर यावं, हा त्यामागचा हेतू. ग्रीक मजकुरात दगड मारणारे हे 'मार्तिस' आहेत. पुढे तोच शौल पौल होतो, यरुशलेमात मागचं आठवतो आणि स्तेफनचा उल्लेख करतो तो देवाचा 'मार्तिस' म्हणून. एकाच पुस्तकात, एकाच प्रसंगाबद्दल, मारणाऱ्यांना आणि मरणाऱ्याला एकच शब्द. इथं त्याचा अर्थ 'साक्षी' घ्यायचा की 'धर्मासाठी मेलेला', यावर अभ्यासक आजही वाद घालतात. नव्या करारातल्याच 'प्रकटीकरण' या पुस्तकात पर्गमच्या अंतिपाचा उल्लेख आहे. तो विश्वासू 'मार्तिस' होता आणि त्याला ठार मारलं गेलं. पण ठार मारलं म्हणून तो मार्तिस झाला, की मार्तिस होता म्हणून ठार मारलं गेलं? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. त्या पिढीला साक्ष हे कारण होतं आणि मरण हा परिणाम. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या क्लेमेंटनं पेत्र आणि पौल यांच्याबद्दल लिहिताना या शब्दाचं क्रियापद वापरलं तेही असंच, दोन्ही अर्थांच्या उंबरठ्यावर.

उंबरठा ओलांडला जातो तो स्मिर्नामध्ये, म्हणजे आजच्या इझमिरमध्ये, १५५ च्या सुमारास. तिथला म्हातारा बिशप पॉलिकार्प जाळला गेला आणि त्याच्या मंडळीनं शेजारच्या मंडळ्यांना पत्र लिहिलं. त्या पत्रात या शब्दाचं सगळं कुटुंब निःसंशय मरणाच्या अर्थानं येतं. पण त्याच पत्रात क्विंटस नावाच्या फ्रिजियाच्या माणसाचीही कथा आहे. तो स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही घेऊन गेला, आणि श्वापदं पाहिल्यावर त्याचा धीर सुटला. पत्र लिहिणारे स्पष्ट बजावतात की स्वतःहून पुढे जाणाऱ्याची आम्ही वाखाणणी करत नाही. शब्दाला मरणाचा अर्थ येतो त्याच क्षणी मरण ओढवून घेण्यावर कुंपणही पडतं.

या कुळकथेतलं सर्वांत हृद्य पान मात्र फ्रान्समधल्या ल्यों शहरातलं आहे. १७७ साली तिथल्या ख्रिस्ती लोकांवर अत्याचार झाले, त्यांत ब्लांदिना नावाची एक गुलाम स्त्री होती. वाचलेल्यांनी लिहिलेलं पत्र युसेबियसच्या इतिहासग्रंथात टिकलं. त्यात तुरुंगातल्या लोकांबद्दल लिहिलं आहे. श्वापदांपुढून ते परत आणले गेले होते, अंगावर भाजल्याच्या खुणा होत्या, तरी कुणी पत्रात वा बोलण्यात त्यांना 'मार्तिस' म्हटलं की त्यांना दुःख व्हायचं. हे नाव ख्रिस्ताचं, नंतर जे मरून गेले त्यांचं. आम्ही नुसते कबुली देणारे सामान्य लोक, असं ते म्हणायचे. या नम्रतेतून भाषेला एक नवी पायरी मिळाली. मेलेला तो मार्तिस आणि छळ सोसून जगलेला तो 'कबुली देणारा', लॅटिनमध्ये 'कन्फेसर'. तिसऱ्या शतकात कार्थेजला या कबुली देणाऱ्यांचा मान एवढा वाढला की त्यांच्या शिफारसपत्रांवरून बिशप सिप्रियनला त्यांच्याशी झगडावं लागलं. एका जुन्या नियमग्रंथात तर धर्मासाठी बेड्या पडलेल्या माणसाला हस्तार्पणाच्या विधीवाचूनच वडिलाचा, म्हणजे मंडळीच्या धर्मसेवकाचा, दर्जा दिला आहे.

अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटनं उलट दिशेनं प्रयत्न केला. त्याच्या मते ज्ञानी माणसाचं सगळं आयुष्यच साक्ष असतं. जीव गेला की नाही यापेक्षा प्रेमाचं काम पुरं केलं की नाही हे महत्त्वाचं. त्याचं म्हणणं मूळ शब्दाच्या जवळचं होतं, पण लोकांनी मरणाचाच अर्थ उचलला. लॅटिन बोलणाऱ्यांनी तर शब्द भाषांतरित न करता तसाच घेतला. साध्या साक्षीदाराला त्यांच्याकडे 'तेस्तिस' होता, म्हणून 'मार्तिर' मरणाऱ्यासाठी मोकळा राहिला. लॅटिन बायबलमध्ये हे दोन्ही शब्द आलटून पालटून दिसतात: स्तेफन 'तेस्तिस' आहे, पण प्रकटीकरणात ज्यांचं रक्त सांडलं ते 'मार्तिर' आहेत. एका ग्रीक शब्दाची फाळणी इथं झाली.

पूर्वेकडे ती झाली नाही. सिरियाक भाषेत 'साहदा' म्हणजे साक्षीदारही आणि धर्मासाठी मेलेलाही. अरबीतला 'शहीद' तसाच. कुराणात तो बहुतेक ठिकाणी साक्षीदाराच्याच अर्थानं येतो, आणि हौतात्म्याचा अर्थ रुळण्यामागे सिरियाकचा प्रभाव असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. जॉर्जियन भाषेतही साक्षीदार आणि हुतात्मा यांचे शब्द एकाच मुळाचे आहेत.

आता पुन्हा ठाण्याच्या त्या दरबारात या. काजीची कायद्याची भाषा अरबी. फिर्यादी बाईच्या चर्चची प्रार्थनेची भाषा सिरियाक. दिमित्रीच्या तिफ्लिसची भाषा जॉर्जियन. थॉमस आणि जेम्स लॅटिनमध्ये प्रार्थना करणारे. त्या एका जागेत जमलेल्या चार भाषांपैकी तिघींत साक्षीदार आणि धर्मासाठी मेलेला यांचं नातं जिवंत होतं, आणि चौथीतला शब्द थेट ग्रीकमधूनच आलेला होता. खून करणाऱ्यांच्या आणि मेलेल्यांच्या भाषेत हा शब्द सख्खा होता. बाहेर खाडीकाठी जी मराठी बोलली जात होती, तिच्यात मात्र तो धागा नव्हता.

मराठीत 'साक्षी' होता. संस्कृतातून आलेला, डोळ्यांशी बांधलेला शब्द: समक्ष पाहणारा. गावच्या वतनाच्या भांडणात गोतसभा बसे, महजर म्हणजे निवाड्याचा कागद लिहिला जाई, आणि साक्षीला आलेले आपापल्या धंद्याची खूण काढत. कुणब्याची निशाणी नांगर. पाहणं आणि सांगणं याला गावात फार मोठी किंमत होती, पण त्यात मरणाची छाया नव्हती. पोर्तुगीज आले तेव्हा गोव्यात आणि वसईत त्यांचा 'मार्तिर' आला. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. जपानी येत असल्यानं तो फ्रान्सिस्कनांचा दुभाष्या होता. दुसऱ्याचं म्हणणं पोचवणारा, म्हणजे तोही एका अर्थी साक्षीदारच. १५८३ मध्ये गोव्यात कुंकळ्ळीला पाच जेझुइटांची हत्या झाली. त्यांचे देह मिळवण्यात पुढे ख्रिस्तपुराण लिहिणारा थॉमस स्टीफन्स होता. मग पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकारांना, म्हणजे गावप्रमुखांना, असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. आज कुंकळ्ळीत दोन्हींची स्मारकं आहेत. मला दोन्हींपुढे मान झुकवावीशी वाटते.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांपुढे, १८११ च्या सेरामपूरच्या नव्या करारापासून १९२४ मध्ये केडगावला छापून निघालेल्या पंडिता रमाबाईंच्या भाषांतरापर्यंत, 'साक्षी' हा शब्द हाताशी तयार होता. मरणाचा अर्थ सांगायला मराठी ख्रिस्ती बोलीनं त्याला एक पद जोडलं आणि 'रक्तसाक्षी' झाला. माझ्या मते या शब्दाचं हे सर्वांत इमानी मराठी रूप आहे, कारण त्यात ग्रीक शब्दाचे दोन्ही भाग जिवंत आहेत. पण चर्चबाहेर तो फारसा गेला नाही. फारसी-उर्दूमार्गे 'शहीद' आला आणि सैनिकांसाठी रुळला. आणि विसाव्या शतकात 'हुतात्मा' आला, ज्याचं श्रेय सावरकरांच्या भाषाशुद्धीला दिलं जातं. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. शब्द तेजस्वी आहे, पण त्यातली प्रतिमा यज्ञाची आहे, कोर्टाची नाही. त्यानं काय पाहिलं, तो काय सांगत होता, हा प्रश्न 'हुतात्मा' विचारत नाही.

करावे गावातून हा फरक नीट दिसतो. खाडीकाठचं हे आगरी-कोळी गाव आज नेरुळ-सीवूड्सच्या इमारतींनी वेढलेलं आहे. १९७० नंतर सिडको या सरकारी महामंडळानं नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या त्यांत करावेही होतं. दक्षिणेला उरणच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन आठ जण गेले होते. त्यांना सगळे हुतात्मे म्हणतात. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी उभे राहिले, दास्तान फाटा आणि नवघर फाटा इथं गोळीबार झाला आणि पाच जण गेले. त्यांनाही हुतात्मे म्हणतात, जासईला दरवर्षी त्यांचा दिवस पाळला जातो. याच लढ्यातून विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मूळ मालकाला देण्याचं धोरण आलं.

१९८४ ची ही माणसं मरायला गेली नव्हती, बोलायला गेली होती. ही जमीन आमची, हे मिठागर आमचं, या भावात आम्ही देत नाही. ग्रीक कानाला ती आधी मार्तिस झाली असती आणि मग मेली असती.

आणि जे परत आले त्यांचं काय? ल्योंच्या तुरुंगातल्या लोकांना निदान 'कबुली देणारे' हे नाव मिळालं. करावे, जासई, नवघर, पागोटे या गावांत तेव्हा विशीत असलेली माणसं आज साठी ओलांडून गेली आहेत. त्यांनी लाठ्या खाल्ल्या, पळताना शेजारी पडलेला माणूस पाहिला. त्यांच्यासाठी आपल्या सरकारी मराठीत एकच शब्द आहे, 'प्रकल्पग्रस्त'. त्यात त्यांच्यावर काय आलं एवढंच आहे. त्यांनी काय पाहिलं आणि कुणापुढे काय म्हटलं, हे त्या शब्दात कुठंच नाही.