घरच्याच शिपायांचा घाव

नगरचा भुईकोट किल्ला म्हटला की चांदबीबी आठवते. १५९५-९६ मध्ये तिने मोगलांचा वेढा परतवला. पण १६०० साली फितुरीच्या अफवेवरून तिच्याच सैनिकांनी तिला ठार मारले.

देहाच्या किल्ल्यातही असे घडते. प्रतिकारशक्तीचा लगाम सोडून तिला कर्करोगाशी लढवण्याची वाट जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होंजो यांनी दाखवली. २०१८चे नोबेल त्यासाठीच. असे पहिले औषध २०११ साली आले. मात्र मोकाट शिपाई कधी थायरॉईड, पिट्युटरी, अ‍ॅड्रिनल या आपल्याच ग्रंथींवर चालून जातात. संप्रेरके घटतात, थकवा, डोकेदुखी, चक्कर सुरू होते. अंगावर काढल्यास जिवावर बेतते. रक्ततपासणीत उणीव कळते, गोळ्यांनी भरून निघते.

तेव्हा अफवेची शहानिशा झाली नाही. आपण थकव्याची तरी करू या.