प्राचीन नाण्यांचे संग्रहमूल्य

संग्राहकांच्या मागणीमुळे प्राचीन नाण्यास प्राप्त होणारे मूल्य. ते त्याच्या चलनमूल्याहून व धातुमूल्याहून भिन्न असते. केवळ प्राचीनत्वावरही ते अवलंबून नसते. भारतातील चांदीची आहत नाणी इसवी सनापूर्वीची असली, तरी ती विपुल सापडल्यामुळे त्यांचे सामान्य प्रकार अल्प किंमतीत मिळतात. दुर्मिळता, स्थिती, कलागुण, ऐतिहासिक संदर्भ व प्राप्तिस्थानाची माहिती हे संग्रहमूल्य ठरविणारे प्रमुख घटक होत.

प्राचीन नाणी हाताने ठोकून पाडीत. त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन नाण्यांतही फरक आढळतो. ठसा मध्यभागी बसलेला, लेख पूर्ण उमटलेला व झीज अल्प असलेले नाणे अधिक मोलाचे ठरते. सिराक्यूझच्या नाण्यांवर किमॉन, यूऐनेटस यांसारख्या ठसेकारांनी आपली नावे कोरली असून ती कलाकृती म्हणूनच संग्राह्य मानली जातात.

ऐतिहासिक घटनेशी असलेला संबंध हे आणखी एक आकर्षण होय. सीझरच्या वधानंतर ब्रूटसने इ. स. पू. ४३–४२ च्या सुमारास पाडलेल्या नाण्यावर दोन खंजीर, दास्यमुक्तीची टोपी व वधाच्या तिथीचा उल्लेख आहे. या प्रकारचे एक सुवर्णनाणे २०२० मध्ये लंडन येथील लिलावात तीस लाखांहून अधिक पौंडांस विकले गेले. तथापि त्याच्या पूर्वस्वामित्वाची माहिती खोटी असल्याचे उघडकीस येऊन २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आले. अशा मागणीमुळे बनावट नाण्यांनाही प्रोत्साहन मिळते. जर्मनीतील कार्ल व्हिल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) याने कोरलेल्या ठशांची नाणी जाणकारांनाही फसवीत.

संग्राहकाचे लक्ष एकेका उत्तम नाण्यावर असते. इतिहासकारास मात्र संपूर्ण निधी महत्त्वाचा वाटतो. १९०६ मध्ये नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविलेला आहे. या दुहेरी ठशांमुळे नहपानाची मुखाकृती पुष्कळदा विद्रूप झाली आहे. पण नहपानाचे चलन सातवाहनांच्या हाती गेल्याचा पुरावा तोच होय. पुनर्मुद्रित नाण्यांचे हे प्रमाण निधी एकत्र तपासला गेल्यामुळेच कळले. नाणी एकेक करून बाजारात गेली असती, तर ते कायमचे अज्ञात राहिले असते. बयाना (राजस्थान) येथे १९४६ मध्ये सापडलेल्या गुप्तकालीन निधीतील १,८२१ सुवर्णनाण्यांची अनंत सदाशिव अळतेकर यांनी तयार केलेली सूची १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि गुप्तांच्या नाणकशास्त्रास तीमुळे भक्कम आधार मिळाला.

भारतात सापडलेल्या निधीची माहिती शासनास देणे १८७८ च्या अधिनियमाने बंधनकारक केले आहे. नाण्याचे प्राप्तिस्थान एकदा विस्मृत झाले, की त्याची किंमत कितीही वाढली तरी त्याचे ज्ञानमूल्य भरून येत नाही.