लाखाची खूण

गेल्या पावसाळ्यात भाच्याला डेंग्यू झाला. डॉक्टरांनी ताईला फोनवर एवढेच सांगितले, ‘पेशींवर लक्ष ठेवा, लाखाच्या खाली गेल्या तर लगेच कळवा.’ ताईने ते घाबरत ऐकले आणि मला जसेच्या तसे ऐकवले. भाचा आठवड्याभरात उठून बसला. मी मात्र त्या वाक्यात अडकलो तो अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

आधी पेशी घेऊ. डेंग्यूच्या दिवसांत मराठीत पेशी म्हणजे प्लेटलेट. तांबड्या-पांढऱ्या पेशींची तेव्हा कोणी विचारपूसही करत नाही. जीवशास्त्राचा शिक्षक यावर कपाळाला हात लावील, कारण प्लेटलेट ही पुरती पेशी नव्हेच. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाची एक दांडगी पेशी असते, तिचे सुटलेले तुकडे म्हणजे प्लेटलेट. त्यांना केंद्रक नसते. पण जुन्या अर्थाने पाहिले तर ताईचेच बरोबर ठरते. पेशी हा शब्द पिश् धातूच्या घरचा दिसतो आणि पिश् म्हणजे कापून, कोरून आकार देणे. मांसाला पिशित म्हणतात तेही ‘कापलेले’ या अर्थानेच असावे. म्हणजे पेशी हा मुळात तुकडा. सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी मोजल्या त्या स्नायू होत, आणि हिंदीत मांसपेशी म्हणजे अजूनही स्नायूच. मराठीने तो शब्द सूक्ष्मदर्शकाखाली नेला. विदर्भात कोर्टात पेशी असते ती निराळी. ती फारसी ‘पेश’वरून, म्हणजे ‘पुढे’ या शब्दावरून आलेली, पेशव्यांच्या नात्यातली. तिचा मांसाशी संबंध नाही. पण तिला दाराशी बसवून ठेवू, कारण पुढे एक न्यायाधीश यायचे आहेत.

पुस्तकी मराठीत प्लेटलेटला रक्तपट्टिका, रक्तबिंबिका अशी नावे आहेत. ती चांगली आहेत, पण तापाच्या घाईत कोणाच्या तोंडी येत नाहीत. आणि प्लेटलेट तरी कुठे परकी आहे? ‘लेट’ हा लहानपणाचा प्रत्यय काढून टाकला की उरते प्लेट, तिच्यामागे फ्रेंच ‘प्लात’, म्हणजे सपाट, आणि त्याही मागे ग्रीक ‘प्लातुस’, रुंद, पसरट. हा प्लातुस आपल्या ‘पृथु’चा सख्खा भाऊ. पृथु म्हणजे रुंद, म्हणून पसरलेली ती पृथ्वी. त्याच प्लातुसपासून रुंद रस्त्याचा आणि चौकाचा शब्द निघाला, तो लॅटिन-स्पॅनिश वाटेने प्लाझा झाला आणि दादरला सिनेमा दाखवू लागला. प्लाझ्मा मात्र या घरचा धरू नये. तो ‘घडवणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाचा, प्लास्टिकच्या बाजूचा. तेव्हा ताई फोनवर पेशींचा आकडा सांगत होती तो एका अर्थी चिमुकल्या पृथ्वींचा होता.

तो आकडा लाखात असतो, आणि खरी मौज इथे आहे. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. एक लाख ही डेंग्यूतली जुनी सीमारेषा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ च्या निकषांतही ती होती. आता लाख म्हणजे काय? संस्कृत लक्ष, प्राकृत लक्ख, मराठी लाख. पण लक्ष म्हणजे आधी संख्या नव्हे, लक्ष म्हणजे खूण, नेम धरायची जागा. तिच्यावर डोळा ठेवला की लक्ष ठेवले, तिच्यावरून ओळखले की ते लक्षण. खुणेची संख्या कशी झाली असावी? मोठी रास मोजताना ठराविक टप्प्यावर एक खूण करत असावेत आणि पुढे टप्प्यालाच खुणेचे नाव पडले असावे, असा माझा तर्क. पटला नाही तर वाचकाने दुसरा लावावा. लक्ष्मीसुद्धा मुळात खूणच दिसते. अथर्ववेदात पुण्या लक्ष्मीबरोबर पापी लक्ष्मीही आहे, आणि तिला हाकलून लावायचे मंत्र आहेत. म्हणजे अंगावरची खूण, मग ती भल्याची असो वा बुऱ्याची. (दागिन्यात भरतात ती लाख ‘लाक्षा’ची. तिला यात ओढू नये.) डॉक्टरांच्या वाक्यातले ‘लक्ष’ आणि ‘लाख’ असे एकाच आईचे निघाले, आणि पोराची लक्षणे तिसरी.

वैद्यकाच्या मराठीत अशा रक्तातल्या खुणांना जैवसूचक, जैवनिर्देशक म्हणतात. मला आपली खूणच आवडते. ती संस्कृत ‘क्षुण्ण’पासून, म्हणजे तुडवलेले, ठसा उमटलेले यापासून आली असावी, वाटेवरचे पाऊल ही पहिली खूण. तिच्या शेजारी एका अक्षराच्या अंतरावर फारसी खून उभा आहे. फारसीत खून म्हणजे नुसते रक्त. मराठीत येताना त्याने सुरी हातात घेतली आणि तो हत्या झाला. रक्त सांगायला आपल्याकडे शब्दांची वाण नव्हती, तेव्हा पाहुण्याला उरलेले काम मिळाले असे दिसते. इंग्रजी ‘मार्क’चा मूळ अर्थ सीमा. फारसी ‘मर्झ’, म्हणजे सरहद्द, हे त्याचे भावंड. ‘मर्ज’, म्हणजे आजार, हा अरबी. कानाला जुळा वाटतो, पण नात्याचा नाही. मोजणीदार शेताच्या कडेला हद्दीची निशाणी रोवतो तसाच हा लाखाचा दगड: अलीकडे घर, पलीकडे इस्पितळ.

रक्ताचेही असेच. रक्त हे रंगाचे विशेषण, ‘रञ्ज्’पासून झालेले, म्हणजे रंगवलेले, तांबडे. रातांब्यातला ‘रात’ हाच असावा. रक्ताचे जुने खरे नाव ‘असृज्’ होते, ते वैद्यकाच्या पोथ्यांत राहिले. रुधिर पुन्हा तांबडेच, आणि ग्रीक ‘एरुथ्रोस’शी त्याचे नाते इतके जवळचे, की तांबड्या पेशीला एरिथ्रोसाइट म्हणणारा नकळत रुधिर म्हणत असतो. लोहित तेच, आणि लोह तेच. लोह म्हणजे आधी तांबूस धातू, बहुधा तांबे; लोखंडावर ते नंतर बसले. डेंग्यू उलटतो आहे का हे जोखायला हल्ली फेरिटिनही पाहतात. ते शरीरात लोह साठवणारे प्रथिन, आणि तीव्र डेंग्यूत ते फार चढलेले आढळते. लॅटिन ‘फेरुम’ला आपल्याकडे नातेवाईक नाही. पण रक्तात लोह शोधणे म्हणजे लोहितात लोह शोधणे. भाषेने ते कधीच शोधून ठेवले होते.

आता न्यायाधीश. सगळे घर प्लेटलेटच्या आकड्याला डोळे लावून बसते, पण अनुभवी डॉक्टर शेजारच्या ओळीत पाहतात. तिथे हेमॅटोक्रिट असते. ‘हैमा’ म्हणजे रक्त, ‘क्रितेस’ म्हणजे निवाडा करणारा. ज्या क्रियापदापासून हा क्रितेस आला, त्या ‘क्रिनेइन’चा मूळ अर्थ चाळणे, वेगळे करणे. मराठीतही हुबेहूब तेच घडले. निवडणे म्हणजे सुपातले खडे वेगळे करणे, आणि त्यातूनच निवाडा. ग्रीक आणि मराठी बायाबापड्यांनी एकमेकींना न भेटता धान्य निवडता निवडता न्यायालय उभे केले. हेमॅटोक्रिट हे मुळात यंत्राचे नाव. त्यात रक्त गरगर फिरवून पेशी तळाशी आणि रक्तद्रव वर असे निवडतात, आणि पेशींचा भाग शेकडा किती ते वाचतात. डेंग्यूत केशवाहिन्या पाझरू लागल्या की रक्तद्रव बाहेर जातो, मागे राहिलेले रक्त दाट होते आणि हा आकडा चढतो. चाळीसचा अठ्ठेचाळीस झाला, म्हणजे मूळच्या एक पंचमांशाने वाढला, की निवाडा लागला असे समजतात. प्लेटलेट घसरतात त्याची धास्ती सगळ्यांना. पण बरेचदा माणसाचा घात होतो तो रक्त सांडून नव्हे, पाझरून. तेव्हा पपईच्या पानांच्या रसामागे धावणाऱ्यांनी ही ओळही वाचावी, असे माझे मत.

रक्तस्राव या शब्दाचाही इथे चकवा आहे. हेमोरेजमधला ‘रेज’ फुटण्याचा, तर आपला स्राव वाहण्याचा. ‘स्रु’चे ग्रीक भावंड ‘र्‍हेओ’. ते डायरियात आणि र्‍हुमॅटिझममध्ये सापडते, हेमोरेजमध्ये नाही. डेंग्यूपुरते आपले नाव जास्त अचूक म्हणायचे.

क्रिनेइनचीच दुसरी मुलगी क्रायसिस: ग्रीक वैद्यांच्या लेखी आजार ज्या घटकेला इकडे किंवा तिकडे कलतो ती घटका. डेंग्यूत ती अवचित येते, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरताना. आपल्या कानाला उतरणे म्हणजे सुटका. इथे ताप उतरतो आणि पाझर सुरू होतो, पुढचे एक-दोन दिवस जपायचे. ‘अंगात अजून कसर आहे’ म्हणणाऱ्या आज्या सावध होत्या. कसर अरबी, अर्थ मोडणे, तुटका भाग, अपूर्णांक. आजाराचा हिशेब पूर्णांकात सुटलेला नाही, असे त्या सांगत असाव्यात.

मोडण्यावरून डेंग्यूचे मराठी नाव आठवते, हाडमोड्या ताप. वाटमाऱ्या, घरबुडव्या यांच्या पंगतीत बसणारे हे नाव एखाद्या गावगुंडाचे वाटते. ‘डेंग्यू’ या शब्दाचे कूळ मात्र धूसर आहे. १८२७-२८ च्या कॅरिबियन साथीत लोक त्याला ‘डँडी’ म्हणत, कारण सांधे धरलेला रोगी छानछोकीत ताठ चालल्यासारखा दिसे. स्पॅनिशमध्ये डेंग्यू म्हणजे नखरा. पण पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत ‘किडिंगा पेपो’ होते, पेपोने दिलेला आचका. पेपो म्हणजे भूत, पिशाच्च, आणि त्याच कुळातला उपेपो म्हणजे वारा. आपल्याकडे अंगात वारे येते तसेच! पुढे काही अभ्यासकांनी असे मांडले, की झांझिबारच्या १८२३ आणि १८७० च्या ज्या साथींना हे नाव होते त्या डेंग्यूच्या नसून चिकुनगुनियाच्या असाव्यात. ते खरे असेल तर नाव एकाचे आणि बसले दुसऱ्यावर. चिकुनगुनियाला मग विसाव्या शतकाच्या मध्यावर टांगानिकातल्या माकोंडे भाषेतून, वाकवून टाकणारा या अर्थाचे, नवे नाव शोधावे लागले.

आता शेवटची खूण. आजार कुठवर जाईल हे आधी ओळखायची विद्या चरकाने इंद्रियस्थानाच्या बारा अध्यायांत मांडली, आणि मृत्यू सुचवणाऱ्या खुणेला नाव आहे अरिष्ट. फोडून पाहा: रिष्ट म्हणजे इजा झालेले, अरिष्ट म्हणजे धक्काही न लागलेले. वेदांतला अरिष्टनेमी तो, ज्याच्या चाकाची धाव अभंग. मग अभंगाचे संकट कसे झाले? बांगडी फुटली तर ती वाढवली म्हणतात, निघताना जातो न म्हणता येतो म्हणतात, तोच संकोच यामागे असावा. आसवासारखी आंबवलेली औषधे, अशोकारिष्ट, द्राक्षारिष्ट, यांनी तो शब्द सरळ अर्थाने ठेवला आहे. आणि पहिला अ झडून, प्राकृतातून घसरत, तो आपल्या न्हाणीघरात येऊन पडला: रिठा.

भाच्याच्या पेशी दोन लाखांवर गेल्या त्या रविवारी ताईने शिकेकाई-रिठे उकळून त्याला न्हाऊ घातले. मी दारातून म्हटले, ‘पोराच्या डोक्यावर अरिष्ट ओततेस.’ तिने तांब्या माझ्यावर उगारला.